जन्माचा दाखला आणि पदवीची भाषा

गेल्या मार्गशीर्षात आमचे एक वृद्ध स्नेही सकाळच्या प्रहरी आमच्याकडे आले, ते काखेत पत्र्याची एक चपटी पेटी घेऊनच. पेटीत दोन कागद होते. एक त्यांच्या नातीची जन्मपत्रिका व दुसरा तिच्या जन्माचा जर्मन भाषेतील दाखला. मुलीचा जन्म २००२ सालच्या डिसेंबरात श्टुटगार्ट शहरी झाला. पत्रिका मात्र अंबाजोगाईत मांडली गेली. अक्षांश अठरा न धरता अठ्ठेचाळीस धरावे लागले, आणि तेथील घड्याळ आपल्याहून साडेचार तास मागे असल्याचे जोशीबुवांस दोनदा समजावून सांगावे लागले. दुसऱ्या कागदाच्या माथ्यावर ‘गेबुर्ट्सउर्कुंडे’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ जन्माचा दाखला एवढाच. परंतु मुलाने तो प्रथम मोठ्याने वाचून दाखविला, तेव्हा घरच्या आजीबाईंस ते दाखला देणाऱ्या कारकुनाचे आडनाव वाटले, आणि ‘हे उर्कुंडे तिकडे कसे पोचले?’ असे त्यांनी सहज विचारले, ही गोष्ट त्या घरी अजून सांगतात.

२००० साली जर्मनीचे चॅन्सेलर गेर्हार्ट श्रोडर यांनी संगणकाच्या कामासाठी परदेशी तज्ज्ञांस पाच वर्षांचे परवाने देण्याची योजना काढली. अमेरिकेच्या परवान्यावरून लोक तिलाही ‘ग्रीन कार्ड’च म्हणू लागले. त्याच वर्षी तेथील एका पुढाऱ्याने निवडणुकीत ‘हिंदी लोकांऐवजी आपली मुले’ अशा अर्थाची घोषणा करून योजनेस विरोध केला होता. तरी माणसे गेलीच. आमच्या स्नेह्यांचे चिरंजीव त्यांपैकी एक. मुदत संपल्यावर ते परत आले व पुण्यास स्थायिक झाले. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. आता ती यंत्रशास्त्राची पदवी घेऊन बसली आहे, आणि पुढील पदवी जर्मनीतच, परंतु इंग्रजी भाषेतून घ्यावी असे तिच्या मनाने घेतले आहे.

घरात यावरून दोन तट पडले. मुलीच्या वडिलांचा कल अमेरिकेकडे. आईस दोन वर्षांचा विरह व परक्या देशात एकटी मुलगी, ही चिंता. आजोबांचे म्हणणे निराळेच. ते आम्हांस म्हणाले, “गुरुजी, पोर जन्मली तिथे. म्हणजे ती परदेशी चाललेली नाही, आपल्या जन्मभूमीस चालली आहे. तिला फी कसली आणि परवाना कसला? तिच्या चुलतभावाला कुठे लागला?” हा चुलतभाऊ अमेरिकेत न्यू जर्सीस जन्मलेला, तो दोन वर्षांपूर्वी तेथे शिकावयास गेला, तो तेथील नागरिक म्हणूनच. तेव्हा एका नातवास जे मिळाले ते नातीसही मिळावे, हा वृद्धाचा न्याय. परळी रस्त्यावरील दोन एकर जमीन विकावी की राखावी, हा प्रश्नही त्या उत्तरावरच लोंबकळत होता. म्हणून पेटी आमच्यापुढे उघडली गेली.

जन्मस्थळाविषयी आमचे मत शाळेच्या पटाने बनविले आहे. शाळेच्या प्रवेश-नोंदवहीत व शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘जन्मस्थळ’ असा एक रकाना असतो. आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीस बाहेर पडतात, ती कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे व कर्नाटकात जातात, आणि हंगाम आटोपला की उन्हाळ्यात परततात. ह्या पाच-सहा महिन्यांत जी मुले जन्मतात ती कोठल्या तरी फडाच्या कडेला, कोपीत. पुढे ती धारूर-वडवणीच्या शाळेत येत, आणि आम्ही त्या रकान्यात जे गाव लिहू ते त्या मुलाने पुन्हा पाहिलेलेही नसे. बापास विचारावे तर तोही क्षणभर आठवून तालुक्याचे नाव सांगे. ह्या मुलांवर त्या गावाचा कोणता हक्क, किंवा ह्या मुलांचा त्या गावावर कोणता? श्टुटगार्टच्या दाखल्यावर आमची नजर पडली तेव्हा प्रथम ही मुलेच आठवली. फरक एवढाच की येथे कागद गुळगुळीत होता.

आजोबांच्या समजुतीचा उलगडा मात्र कायद्यावाचून होणार नव्हता. अमेरिकेत जन्म आणि नागरिकत्व यांची गाठ १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने बांधली गेली, व वाँग किम आर्क नावाच्या चिनी आईबापांच्या मुलाच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८९८ साली ती पक्की केली. म्हणून न्यू जर्सीचा नातू जन्मतःच तेथला नागरिक झाला. (त्यालाही सर्व फुकट मिळाले असे नाही. तेथील सरकारी विद्यापीठांत कमी फी लागते ती त्या त्या राज्यातील रहिवाश्यास, आणि रहिवास जन्माने नव्हे, वास्तव्याने ठरतो.) जर्मनीने रक्ताचा नियम धरला. तेथे १९९९ अखेरपर्यंत परदेशी आईबापांचे मूल तेथे जन्मूनही परदेशीच राही. २००० च्या १ जानेवारीपासून नियम सैल झाला. पण आई किंवा बाप यांपैकी एकाचे तेथे आठ वर्षे कायदेशीर वास्तव्य हवे, शिवाय कायम राहण्याचा हक्कही हवा, अशी अट राहिली. २०२४ च्या जूनमध्ये आठांची पाच वर्षे झाली. आमच्या ह्या मुलीच्या जन्माच्या वेळी तिच्या वडिलांस तेथे जाऊन पुरती दोन वर्षे झाली होती. तेव्हा ती जन्मली भारतीय, आणि आहे भारतीय.

परतण्याचा म्हणून एक हक्क तेथील कायद्यात आहे. तथापि तो ज्या परदेशी मुलाने तेथे आठ वर्षे काढली व सहा वर्षे तेथील शाळेत घालविली त्याच्यासाठी आहे. तीन वर्षांच्या पोरीने बालवाडीत गाणी म्हटली असतील, ती त्यात धरीत नाहीत.

हे ऐकून वृद्ध गप्प झाले. त्यांनी दाखला पुन्हा पेटीत ठेवला, तो पत्रिकेच्या खाली. आम्हांस वाईट वाटले; परंतु जमीन विकण्याच्या आधी हे कळणे बरे.

सायंकाळी मुलगी स्वतः आली. ती चार दिवसांच्या सुटीवर आजोळीं नव्हे, आजोबांच्या घरी आली होती. मराठवाड्यात ‘आजोळ’ म्हटले की लोक आईचे माहेर समजतात म्हणून हा खुलासा. तिने आपला संगणक उघडून आमच्यापुढे जो तक्ता मांडला त्यावरून एवढे दिसले की पोरीने अभ्यास पुष्कळ केला होता, मात्र तक्त्याच्या शिरोभागी श्टुटगार्ट घालूनच. “आधी तिथलं बघते, नाही मिळालं तर दुसरीकडचं,” असे ती म्हणाली.

आता गंमत पाहा. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नाही, परदेशी विद्यार्थ्यासही नाही; दर सहामाहीस एक वर्गणी भरली की झाले. ह्यास जे अपवाद आहेत त्यांत ठळक अपवाद बाडेन-व्युर्टेम्बर्ग ह्या प्रांताचा. त्या प्रांताने २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांवर दर सहामाहीस १,५०० युरो फी बसविली आहे. आणि श्टुटगार्ट ही त्याच प्रांताची राजधानी! तेथील शालान्त परीक्षा दिलेल्यांस ती माफ आहे. तेथे नुसते जन्मलेल्यांस नाही. म्हणजे साऱ्या जर्मनीत फी न घेणारी गावे टाकून मुलगी जन्मगावाच्या ओढीने नेमकी फीच्या गावी चालली होती. चार सहामाह्यांचे सहा हजार युरो. २०२५ अखेर एका युरोस शंभर रुपयांच्या वर पडत होते, तेव्हा सहा लाखांहून अधिक. शेजारच्या हेसन प्रांतात डार्मश्टाटचे तंत्रविद्यापीठ आहे, तेथे ही फी नाही. पूर्वी फी न घेणारेही घेऊ लागले आहेत, हेही सांगावयास हवे. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून ह्या वरच्या पदवीस दर सहामाहीस चार ते सहा हजार युरो घेण्यास आरंभ केला. म्हणून ज्या वर्षी जावयाचे त्या वर्षीचा नियम त्या त्या विद्यापीठाच्याच पत्रकावरून पाहावा, मित्रांच्या सांगण्यावरून नव्हे.

फी नसली तरी पैसा लागतो. परवाना मागतेवेळी एका वर्षाच्या उदरनिर्वाहाची रक्कम तेथील एका बंद खात्यात भरून दाखवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरात ती ११,९०४ युरो ठरली. तीतून दरमहा ९९२ युरोच काढता येतात. आम्हांस ही पद्धत आवडली. पूर्वी वसतिगृहात मुलांचे पैसे अधीक्षकांकडे ठेवून महिन्याच्या महिन्यास देत, तसलाच हा प्रकार. विद्यार्थ्यास वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा २०२४ च्या मार्चपासून आहे. मात्र त्या कमाईच्या भरवशावर घरून निघू नये. शिवाय २०२२ च्या १ नोव्हेंबरपासून हिंदी विद्यार्थ्यास आपली प्रमाणपत्रे ‘एपीएस’ ह्या दिल्लीतील कचेरीकडून खरी ठरवून घ्यावी लागतात, आणि ह्या कामास वेळ लागतो.

गुणांचे त्रैराशिक आम्ही पाटीवर मांडले, कारण त्यावरून पुष्कळ घरांत घोटाळा होतो. जर्मनीत १ हा उत्तम शेरा, ४ म्हणजे कसाबसा उत्तीर्ण, व ५ नापास. कमाल गुणांतून आपले गुण वजा करावे; त्यास कमाल व उत्तीर्णतेचे किमान यांच्या अंतराने भागावे; तिनाने गुणावे; एक मिळवावा. मुलीस दहांपैकी ८.२ होते व किमान ४. तेव्हा १.८ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे १.९. “कमी झाले की हो!” असे आजोबा ओशाळून म्हणाले. कमी तितके चांगले, हे त्यांच्या गळी उतरण्यास बराच वेळ लागला.

इतके झाल्यावर खरा प्रश्न उरला, तो भाषेचा. आणि त्यावर आम्हांस जे सांगावयाचे होते ते जर्मनीचे नव्हते, बीड जिल्ह्याचेच होते.

हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि आमच्या ह्या गावाचे सरकारदरबारी नाव मोमिनाबाद होते. हैदराबादेस १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. तेथे पदवीचे सर्व शिक्षण उर्दूतून, वैद्यकही उर्दूतून, आणि त्यासाठी ग्रंथ भाषांतरित करण्याचे एक स्वतंत्र खातेच उघडले होते. देशी भाषेतून उच्च ज्ञान द्यावे हा विचार मोठाच होता, आणि तो करणाऱ्यांस कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु उर्दू ही राज्यातील दर दहांत सुमारे एकाचीच मातृभाषा होती. मराठी बोलणारे लोकसंख्येचा चौथा हिस्सा होते, तेलुगू बोलणारे त्याहूनही अधिक. राज्यात इंग्रजीतून पदवी हवी तर हैदराबादचे निजाम कॉलेज होते. ते मद्रास विद्यापीठास जोडलेले असे. नाहीतर सरहद्द ओलांडावयाची. बीडहून आष्टीच्या वाटेने नगर गाठले की इंग्रजी मुलूख लागे. वाटेत करोडगिरीचे नाके असे. पैसाही बदलावा लागे. आमचा हाली शिक्का, तिकडचा कलदार, आणि सात हालींस सहा कलदार असा साधारण भाव. पुण्यास शिकावयास निघालेला मोमिनाबादचा मुलगा भाषा मराठीच बोले, देव तेच भजे, पण नाका ओलांडून, नाणे बदलून, दुसऱ्या राज्यात इंग्रजी पदवीसाठी जाई. जन्माच्या देशातच त्याचे हे परदेशगमन होते!

१९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून उस्मानियाच्या वसतिगृहांतील व औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील विद्यार्थी काढले गेले, तेव्हा नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू केदार यांनी त्यांस आपल्याकडे घेतले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या विद्यार्थ्यांपैकीच. उर्दूतून शिकलेल्या ह्या मुलांस एकाएकी इंग्रजीतून शिकावे लागले, आणि ती शिकली. मात्र आमच्या मनात अधिक राहिली आहे ती उलट बाजू. आमचे वडील उर्दूतून शिकले. त्यांचे अक्षर तिन्ही लिप्यांत सुरेख होते. १९४८ च्या सप्टेंबरानंतर कचेऱ्यांची भाषा पालटली आणि त्यांच्या शिक्षणाची किंमत एका हंगामात उतरली. ते उर्दूविषयी कधी कडू बोलले नाहीत. फक्त आम्हांस उर्दू शिकविली नाही. आता २०२३ साली मराठवाड्यातील निजामकालीन कुणबी नोंदी धुंडाळण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा जुनी उर्दू व मोडी दप्तरे वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. घरी वडिलांचे कागद आहेत. वाचणारा कोणी नाही.

हे सर्व आम्ही मुलीस सांगितले, ते का, हे तिने विचारलेच. आमचे म्हणणे असे होते. पदवीची भाषा एक आणि त्या मुलखाची भाषा दुसरी, असे जेथे असते तेथे विद्यार्थ्याचा दिवस दोन तुकड्यांत जातो. जर्मनीत इंग्रजीतून चालणारे वरच्या पदवीचे वर्ग पुष्कळ आहेत. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात तेथे हिंदी विद्यार्थी ४९ हजारांच्या घरात होते, आणि परदेशी विद्यार्थ्यांत त्यांचीच संख्या सर्वांत मोठी होती. वर्गात प्राध्यापक इंग्रजी बोलतील. परंतु खोलीचा करार जर्मनमध्ये, परकीय-नोंदणी कचेरीचे पत्र जर्मनमध्ये, कचरा कोणत्या वारी कोणत्या डब्यात टाकावयाचा हेही जर्मनमध्ये. आणि मुख्य म्हणजे पदवीनंतर नोकरी शोधण्यास अठरा महिने मिळतात, तेव्हा यंत्रांचे लहानमोठे कारखाने भाषा विचारतात. इंग्रजी पदवी हे तेथे वर्गात शिरण्याचे दार आहे. कारखान्याचे दार निराळे.

“पण मी तिथे असताना बोलत होते ना जर्मन!” मुलगी म्हणाली. तिच्या आईने सांगितलेली ही आठवण. तीन वर्षांची असताना ती शेजारणीशी जर्मन बोले म्हणे. आम्ही तिला एखादा शब्द विचारला. ती बराच वेळ थांबली, मग हसली.

आम्ही तिला इरावतीबाई कर्व्यांची गोष्ट सांगितली. त्यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात म्यिंज्यान येथे. इरावती हे नाव तेथल्या नदीचे. पण त्या शिकल्या पुण्यास, हुजूरपागेत व पुढे फर्ग्युसनमध्ये. आणि मानवशास्त्राची डॉक्टरेट घ्यावयास १९२८ साली गेल्या त्या बर्लिनला. रंगूनला विद्यापीठ १९२० पासून होते; जन्मभूमी म्हणून तेथे जावे, असे त्यांनी मनात आणल्याचे दिसत नाही. जो विषय हवा तो जेथे होता तेथे त्या गेल्या. बर्लिनमध्ये इंग्रजीतून पदवीची सोय नव्हती. प्रबंध जर्मनमध्ये लिहावा लागला, आणि तो त्यांनी लिहिला. मनुष्याच्या कवटीच्या दोन बाजूंतील विषमतेवर तो होता, आणि ही विषमता वंशावर अवलंबून असल्याचे मापांत आढळत नाही, हा निष्कर्ष त्यांनी आपल्या प्राध्यापकांच्या मतास न जुमानता मांडला. परक्या देशात, परक्या भाषेत, प्राध्यापकांशी मतभेद करणे ही भाषेच्या परीक्षेहून फार वरची परीक्षा.

मुलीने येथे आम्हांस अडविले. “गुरुजी, त्या काळी एकच वाट होती. मला दोन आहेत, तर सोपी का घेऊ नये?” प्रश्न रास्त होता. सोपी वाट घेऊ नये असे आमचे मत नाही. यंत्रशास्त्र इंग्रजीत शिकलेल्या मुलीने ते पुन्हा जर्मनमध्ये शिकण्याचा हट्ट धरला तर दोन वर्षे भाषेतच जातील व वय निघून जाईल. पदवी इंग्रजीतून घ्यावी. मात्र निघण्यापूर्वी जर्मन इतकी यावी की घरमालकिणीशी भांडता यावे. तिकडे भाषेच्या सहा पायऱ्या ठरविल्या आहेत. त्यांतल्या तिसरीपर्यंत येथेच चढावे, आणि पुढच्या पदवी घेताघेता. पुण्यास मॅक्स म्युलर भवनात ही सोय आहे. (ज्या गृहस्थाचे नाव ह्या जर्मन संस्थेस भारतात दिले आहे तो जन्मला डेसाऊस, पण त्याचा सारा संसार ऑक्सफर्डला इंग्रजीत झाला, हे ध्यानात आले म्हणजे मौज वाटते.)

वडिलांचा फोन रात्री आला. अमेरिकेचा आग्रह त्यांनी खर्चाचा हिशेब ऐकून सोडला. आईने मात्र विचारले, की एक वर्ष थांबण्याने मुलीचे नुकसान नाही ना? आम्ही प्रांजळपणे सांगितले, की होते. वर्ष जाते ते जातेच. तिच्या बरोबरीच्या मुली ह्याच वर्षी निघतील, आणि सोशल मीडियावर त्यांचे बर्फातील फोटो हिला रोज दिसतील. त्यावर घरात तडजोड झाली ती अशी: ह्या उन्हाळ्यातील अर्ज सोडावयाचे नाहीत, प्रमाणपत्रांचे काम ताबडतोब सुरू करावयाचे, आणि जर्मन तिसऱ्या पायरीस न पोचली तर मिळालेला प्रवेश सोडून पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज करावयाचा. ही शेवटली अट मुलीनेच घातली, आम्ही नव्हे. जमीन विकावयाची नाही. पहिल्या वर्षाच्या बंद खात्यापुरते कर्ज काढावयाचे, ते वडिलांच्या नावे.

तक्ता पुन्हा लिहिला गेला. माथ्यावर डार्मश्टाट आले, त्याखाली आणखी चार गावे. श्टुटगार्ट सर्वांत खाली गेले, तरी पुसले गेले नाही. फी भरूनही तेथला यंत्रशाळेचा एक अभ्यासक्रम तिला खरोखरच हवा आहे, आणि तो जन्मगावाचा म्हणून नव्हे, एवढे तिने कबूल करून घेतले.

निघताना आजीबाईंनी पेटीतील तो जर्मन कागद मागून घेतला. ह्यावर रुग्णालयाचे नाव आहे का, असे त्यांनी विचारले. नाही, गावाचेच आहे, असे नातीने सांगितले. “मग गेलीस की शोध,” त्या म्हणाल्या, “तुझ्या आईपाशी तेव्हा आमच्यातलं कुणीच नव्हतं. शेजारची जी बाई होती म्हणतात, ती असली तर तिला माझा नमस्कार सांग. आणि तो तिच्या भाषेत सांग.” डार्मश्टाटहून श्टुटगार्ट आगगाडीने काही फार दूर नाही, असे मुलगी म्हणाली. सध्या ती दुसऱ्या पायरीवर आहे; गेल्या पत्रात तिने आम्हांस कळविले, की नामांची तीन लिंगे असल्याने मराठी माणसास जर्मन सोपी जाईल असे आम्ही म्हटलो होतो, ते खरे नव्हे; लिंगे तीनच आहेत, पण एकाही वस्तूचे आपल्याशी जुळत नाही.